चावंडच्या पायऱ्या आणि सायरसची भट्टी

१८१८ च्या मे महिन्यात मेजर एल्ड्रिजची इंग्रजी तुकडी जुन्नरच्या गडांखाली येऊन उभी राहिली, तेव्हा पेशवाई जवळजवळ बुडालेलीच होती. चावंडवर शंभराहून जास्त गोळे पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आतली दीडशेच्या आसपासची शिबंदी खाली उतरली. जीवधनने तासाभरात हार मानली. लढाई अशी दोन-चार दिवसांत आटोपली आणि इंग्रजांनी पुढचं काम हाती घेतलं. कातळात खोदलेल्या पायऱ्यांना सुरुंग लावून त्यांनी गडांच्या वाटा तोडल्या. तटबंदी राहिली, टाकी राहिली, कोठारं राहिली, फक्त वर जायची सोय गेली. पुन्हा कुणी तिथे शिबंदी ठेवू नये एवढ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. आज चावंड चढताना ज्या टप्प्यावर लोखंडी कठडा धरावा लागतो, तिथे त्या सुरुंगांचं काम डोळ्यांनी दिसतं.

शस्त्रांचं ठाणं मोडण्याची ही जुनी रीत. दारू ठासली, बत्ती दिली, गड निकामी झाला. पुढे त्यावर गवत वाढलं, गुरं चरली, पुरातत्त्व खात्याच्या पाट्या लागल्या. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ही रीत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. विसाव्या शतकात मात्र असं एक ठाणं उभं राहिलं की जे सुरुंगाने मोडता येत नाही, कुलूप घालून विसरता येत नाही आणि ज्याच्यावर गवत वाढू देणंही धोक्याचं असतं. महाराष्ट्रात ते मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, तुर्भ्याच्या डोंगरापलीकडे आहे. सरकारी कागदांत त्याचं नाव ट्रॉम्बे.

आपल्या भागाला अणुऊर्जा खात्याची ओळख आहे ती खोडदच्या दुर्बिणीमुळे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, त्यांतल्या चौदा खोडदजवळ एकवटलेल्या आणि सोळा तीन दिशांनी लांबवर पसरलेल्या. ती दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, ती होमी भाभांनी १९४५ मध्ये सुरू केली आणि तिच्याच कुशीतून १९५४ मध्ये तुर्भ्याचं अणुऊर्जा केंद्र निघालं. एकाच खात्याच्या तिजोरीतून एकीकडे आकाशातल्या क्षीण लहरी ऐकणारं यंत्र उभं राहिलं, दुसरीकडे प्लुटोनियम. पहिल्याबद्दल आपण शाळेच्या सहली नेऊन मुलांना सांगतो. दुसऱ्याबद्दल एक तारीख सांगतो: १८ मे १९७४, पोखरण. त्या तारखेच्या आधी काय शिजलं याची थोडीफार वर्णनं मराठीत आहेत. त्यानंतर ती भांडी कुणी घासली, हे मात्र जवळजवळ कुठेच नाही. मला ते घासणं त्या स्फोटाइतकंच इतिहासाच्या योग्यतेचं वाटतं, म्हणून हा लेख.

कॅनडाने कोलंबो योजनेखाली दिलेली भट्टी म्हणजे सायरस. करार १९५६ चा. आराखडा कॅनडातल्या चॉक रिव्हर इथल्या एनआरएक्स या भट्टीचा, जड पाणी अमेरिकेचं, इंधन म्हणजे नैसर्गिक युरेनियमच्या कांड्या, वर ॲल्युमिनियमचं आवरण. १० जुलै १९६० ला तिच्यात साखळी प्रक्रिया सुरू झाली. क्षमता ४० मेगावॉट, तीही उष्णतेची. वीज तिने कधी केलीच नाही. संशोधन आणि औषधोपचाराला लागणारे किरणोत्सारी समस्थानिक, हे तिचं जाहीर काम. तिच्यात भाजून निघालेल्या कांड्यांमध्ये प्लुटोनियम तयार होत असे, आणि ते वेगळं काढायला शेजारीच दुसरा कारखाना बांधला गेला. त्या प्रकल्पाचं नाव फिनिक्स. होमी सेठना त्याचे प्रमुख. १९६४ मध्ये तो चालू झाला आणि २२ जानेवारी १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी त्याचं उद्‌घाटन केलं. वर्षाला ३० टन जळकं इंधन हाताळण्याची त्याची ताकद होती. पोखरणचं प्लुटोनियम या दोन वास्तूंमधून गेलं.

गंमत नव्हे, पण इतिहासाची एक विलक्षण गाठ इथे आहे. सायरस जिच्यावरून बेतली ती एनआरएक्स भट्टीच जगातल्या पहिल्या मोठ्या अणुसफाईची जागा. १२ डिसेंबर १९५२ ला चॉक रिव्हरला नियंत्रक कांड्यांचा घोटाळा झाला, इंधन वितळलं आणि तळघरात सुमारे ४५ लाख लिटर किरणोत्सारी पाणी साचलं. सफाईला शेकडो माणसं लागली, कारण एका माणसाला आत फार थोडा वेळ राहता येई. अमेरिकी नौदलातून एक तुकडी आली. तिचा प्रमुख अठ्ठावीस वर्षांचा लेफ्टनंट जिमी कार्टर. भट्टीची हुबेहूब प्रतिकृती बाहेर टेनिसच्या मैदानावर उभारली होती. तिच्यावर कुठला बोल्ट कुठल्या पान्याने किती आटे फिरवून काढायचा याची रंगीत तालीम करायची, मग आत धावत जायचं, दीड मिनिटात तेवढं एक काम करायचं आणि बाहेर यायचं. त्याची वर्षाची किरणोत्साराची मात्रा तिथेच संपली. मग दुसरा. अशा रीतीने भट्टीचं पोट उपसून काढलं, पुरलं, नवं बसवलं आणि चौदा महिन्यांत, १९५४ च्या फेब्रुवारीत, तीच भट्टी पुन्हा चालू झाली. पुढे हेच कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी सही केलेल्या १९७८ च्या अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्याने आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या इंधनाची कोंडी केली. एनआरएक्सची धाकटी बहीण वापरून भारताने स्फोट केला होता. भट्टीच्या पोटात हात घालून आलेल्या माणसाला या प्रकरणात काय दिसत असेल, याचा विचार आपल्याकडे त्या वेळी कुणी केल्याचं वाचनात येत नाही.

तुर्भ्याला सफाईची वेळ आली ती अपघाताने नव्हे, झिजेने. फिनिक्समध्ये कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवायच्या, त्या द्रावणातून विशिष्ट सेंद्रिय द्रावकाने युरेनियम आणि प्लुटोनियम उचलायचं, उरलेला अतितीव्र कचरा टाक्यांत साठवायचा, असं काम चाले. सुमारे दहा वर्षं आम्ल आणि किरणोत्सार मिळून पोलादाच्या नळ्या खात होते. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात कारखाना थांबवला गेला. पुढे ध्रुव ही १०० मेगावॉटची मोठी भट्टी येणार होती. तिचं इंधन हाताळायला क्षमताही वाढवायची होती. म्हणजे जुनी यंत्रं काढायची, नवी बसवायची, आणि हे सगळं त्याच जाड काँक्रीटच्या खोल्यांत, जिथे चालू कारखान्यात माणूस पाऊलही टाकू शकत नव्हता.

अशी खोली धुणं म्हणजे काय, ते सावकाश पाहण्यासारखं आहे. आधी माणूस आत जात नाही, द्रावण जातं. टाक्या आणि नळ्यांमधून पातळ आम्ल फिरवायचं, काढायचं, मोजायचं. मग अल्कली, मग पुन्हा आम्ल. करपलेलं दुधाचं पातेलं आधी भिजत घालून मग खरवडावं तसं हे काम, फक्त इथे खरवडीचा प्रत्येक थेंब गोळा करून त्याचाही कचरा म्हणून हिशेब ठेवायचा. आकडा खाली आला की मग माणसं. आत काम करणाऱ्याच्या अंगावर प्लास्टिकचा पूर्ण पोशाख, त्यात बाहेरून नळीने हवा. हातमोज्यांवर हातमोजे, जोड चिकटपट्टीने बंद केलेले. छातीवर बिल्ला, ज्यात त्याला लागलेली मात्रा नोंदली जाते. दाराशी हेल्थ फिजिक्सचा, म्हणजे किरणोत्सारावर लक्ष ठेवणारा, माणूस घड्याळ घेऊन उभा. तो म्हणाला बाहेर, की हातातला पाना तिथेच ठेवून बाहेर. नळी कापताना सांडलेला एक थेंबही लादीवर डाग होऊन बसतो. तो पुसला गेला नाही तर लादीच फोडावी लागते. बाहेर येताना पोशाख उलटा करत, आतली बाजू बाहेर येईल असा काढायचा. त्यालाही शिकलेला हात लागतो. कापलेले पाइप, फडकी, मोजे, फोडलेलं काँक्रीट यांची तीव्रतेप्रमाणे वाटणी व्हायची. सौम्य ते मातीच्या चरांत, मध्यम ते सिमेंट-काँक्रीटच्या खंदकांत आणि तीव्र ते जमिनीत उभ्या गाडलेल्या पोलादी अस्तराच्या नळकांड्यांत.

ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात कारखाना पुन्हा चालू झाला. प्लुटोनियमचा कारखाना निर्मळ करून पुन्हा प्लुटोनियमसाठीच वापरणं, हा जगात फारसा न आढळणारा प्रकार. याबद्दलची माहिती आंतरराष्ट्रीय परिषदांतल्या तांत्रिक निबंधांत मिळते: कोणतं रसायन, किती फेऱ्या, किती शुद्धी. काम करणाऱ्यांची नावं आणि त्यांचं बोलणं तिथे नाही.

सायरसची पाळी १९९७ मध्ये आली. अनिल काकोडकर तेव्हा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. भट्टी सदतीस वर्षांची झाली होती आणि पुष्कळ देशांत एवढ्या वयाच्या भट्टीला निरोप देतात. इथे ठरलं दुरुस्तीचं. इंधन काढलं आणि एकेक भाग तपासायला घेतला. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या वाहिन्या, आणीबाणीच्या पाण्याची उंचावरची गोल टाकी, धुराडं, समुद्राच्या पाण्याने झिजलेल्या उष्णता-विनिमय यंत्रणा. सगळ्यांत अवघड जागा भट्टीच्या पोटात होती. हेलियम वायूच्या नळीचे सांधे गळत होते आणि तिथवर हात पोचणं शक्य नव्हतं. तुर्भ्याच्या कारागिरांनी लांब दांड्याची खास हत्यारं घडवली, बाहेर प्रतिकृतीवर सराव केला आणि दुरून पकडी बसवल्या. चॉक रिव्हरची टेनिस मैदानावरची तालीम मनात येते.

दुसरी काळजी ग्रॅफाइटची. सायरसच्या पात्राभोवती ग्रॅफाइटचं कोंदण होतं. न्यूट्रॉनचा मारा खाऊन ग्रॅफाइटमध्ये ऊर्जा साठत जाते आणि ती एकदम सुटली तर आग लागू शकते. १० ऑक्टोबर १९५७ ला इंग्लंडमध्ये विंडस्केलला, बॉम्बसाठी प्लुटोनियम करणाऱ्या भट्टीत, ही साठलेली ऊर्जा मुद्दाम सोडवण्याच्या खटपटीतच आग लागली होती. तुर्भ्याच्या ग्रॅफाइटची तपासणी करून ते वापरण्याजोगं ठरवण्यात आलं. २००२ मध्ये भट्टी पुन्हा चालू झाली. पुढे तिच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा एक छोटा संच जोडला गेला. दिवसाला सुमारे ३० हजार लिटरचा.

पाच वर्षं खपून नवी केलेली ही भट्टी आठ वर्षं चालली. २००५ च्या जुलैत मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचं संयुक्त निवेदन झालं, २००६ च्या मार्चमध्ये नागरी आणि लष्करी अणुकेंद्रं वेगळी करण्याचा आराखडा आला, आणि त्यात सायरस २०१० मध्ये कायमची बंद करण्याचं वचन होतं. ही भट्टी शांततेच्या कामासाठी म्हणून मिळाली होती. तिला लष्करी यादीत टाकणं अडचणीचं आणि नागरी यादीत घालून आंतरराष्ट्रीय तपासनिसांना तुर्भ्याच्या आवारात घेणं त्याहून अडचणीचं. बंद करणं हाच मधला मार्ग निघाला. पी. के. अय्यंगारांसारख्या जुन्या अणुशास्त्रज्ञांनी त्या भारत-अमेरिका अणुकराराला उघड विरोध केला. काकोडकर तोवर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले होते. दुरुस्ती सुरू झाली तेव्हा केंद्र त्यांच्या हाती होतं, बंद करण्याचं ठरलं तेव्हा आयोग. ३१ डिसेंबर २०१० ला सायरस विझली.

विझली म्हणजे संपली नाही. इंधन आणि जड पाणी काढलं तरी पात्र, ग्रॅफाइट, भोवतालचं काँक्रीट आणि पोलाद हे सगळं पन्नास वर्षांच्या न्यूट्रॉनांनी स्वतःच किरणोत्सारी झालेलं असतं. पोलादातला कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, म्हणून थांबणं शहाणपणाचं असतं. चार-पाच दशकं थांबलं तर तोडणाऱ्याला लागणारी मात्रा पुष्कळ कमी होते. सीझियम आणि स्ट्राँशियम निम्मे व्हायला तीस वर्षांच्या आसपास घेतात. प्लुटोनियम-२३९ ला मात्र २४ हजार वर्षं लागतात. जुन्नरच्या सातवाहन लेण्यांचं वय त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंही नाही.

अमेरिकेने आपली ठाणी वेगळ्या तऱ्हेने आवरली. कोलोरॅडोत रॉकी फ्लॅट्सला बॉम्बचे प्लुटोनियमचे गाभे होत. १९८९ च्या जूनमध्ये पर्यावरणाच्या गुन्ह्यांसाठी केंद्रीय पोलिसांनी खुद्द सरकारच्याच या कारखान्यावर छापा घातला आणि उत्पादन थांबलं. २००५ पर्यंत सुमारे ७ अब्ज डॉलर खर्चून इमारती पाडल्या गेल्या. आता भोवतालचा मोठा पट्टा वन्यजीवांसाठी राखीव आहे आणि २०१८ पासून लोक तिथे पायवाटांनी हिंडतात. मधला भाग मात्र ऊर्जा खात्याने स्वतःकडेच ठेवला आहे. अमेरिकेतल्याच हॅनफर्डला पहिली मोठी प्लुटोनियम भट्टी संग्रहालय झाली, पण त्याच आवारात जमिनीखालच्या १७७ टाक्यांतला कचरा उपसण्याचं काम पिढ्यांचं आहे. या दोन्ही ठिकाणी लोकांना चांगलं-वाईट कळलं ते न्यायालयं, कामगार संघटना आणि शेजारच्या वस्त्या भांडल्या म्हणून. बॉम्बखातं आपणहून हिशेब सहसा मांडत नाही.

आपल्याकडे भांडायला जागा कमी आहे. एप्रिल २००० मध्ये भाभा केंद्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीतून काढून त्याच्या स्वतःच्याच अंतर्गत सुरक्षा व्यवस्थेकडे सोपवलं गेलं. धुणारा आणि धुतलेलं तपासणारा एकाच घरचा. १९९१ च्या डिसेंबरात सायरस आणि ध्रुवच्या परिसरात जमिनीखालच्या नळातून गळती होऊन माती सीझियमने दूषित झाली होती. ती माती उचलून नेणाऱ्यांना किती मात्रा लागली, हे सार्वजनिक कागदांवर यायला हवं होतं. तुर्भ्याच्या कोळीवाड्याची होडी त्याच खाडीत चालते. रोहित येतात तेही तिथल्याच चिखलावर. लष्करी गुपित बॉम्बच्या रचनेत असतं हे मान्य; झाडूवाल्याच्या बिल्ल्यावरच्या आकड्यात कसलं गुपित?

याच तुर्भ्याने एक गोष्ट फार सुंदर केली आहे आणि तीही सांगायला हवी. प्लुटोनियम काढल्यावर उरणारा तीव्र कचरा तिथे बोरोसिलिकेट काचेत ओतून गोठवला जातो. त्या कचऱ्यातून आधी सीझियम वेगळं काढून, त्याच्या काचेच्या पेन्सिली करून, त्या रक्तपेढ्यांतल्या किरणन यंत्रांत बसवल्या जातात. ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे अशा रुग्णांना रक्त देण्याआधी त्यातल्या अपायकारक पेशी निष्प्रभ कराव्या लागतात, त्यासाठी. त्याच कचऱ्यातून मिळवलेल्या रुथेनियमच्या छोट्या चकत्या डोळ्याच्या कर्करोगावर वापरतात. आपल्याकडे उन्हाळी भुईमुगाची टीएजी-२४ जात पेरणाऱ्याला त्या नावातला पहिला टी कुठला, हे दुकानदार सांगत नाही, तोही तुर्भ्याचाच. शस्त्राच्या ठाण्याचा नवा उपयोग म्हणतात तो इथे वास्तूचा झाला नाही, कचऱ्याचा झाला.

सायरस कधीतरी तोडावी लागेल. ते काम कोण करील याचा अंदाज अवघड नाही. नारायणगाव, मंचर, घोडेगावकडची आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुलं भाभा केंद्राच्या स्टायपेंडियरी ट्रेनीच्या परीक्षेला बसतात. फिटर, वेल्डर, मशिनिस्ट. शिवाय ठेकेदाराकडची माणसं असतील, ज्यांची नोंद ठेका संपला की हरवण्याची भीती सगळ्यांत जास्त. नियामक मंडळाची किरणोत्साराच्या मात्रेची मर्यादा पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षी ३० अशी आहे. प्रत्येकाची आयुष्यभराची नोंद त्याच्या स्वतःच्या हातात, छापील, मराठीत हवी. ठेकेदाराच्या माणसालासुद्धा.

आणि फिनिक्स धुतला गेला तेव्हा जे पंचविशीत होते, ते आज पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. गडांच्या एकेका पायरीचा इतिहास लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनी यांच्याकडे जाऊन बसावं. अणुगुपितं विचारू नयेत. आत किती मिनिटं मिळायची, पोशाखात हवा कमी पडली तर खूण काय करायची, कुठला पाना हाताला बसायचा, पहिल्यांदा कुलूप काढून आत पाऊल टाकणारा कोण होता आणि घरी काय सांगून निघायचा, एवढंच विचारावं.